मेढ्यात उघड्या विटांचं घर बांधायचंय, वीट कुठली घ्यावी?

वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं आहे. साताऱ्याच्या पुढे मेढ्याजवळ त्यांचं दुमजली घर बांधायचं चालू आहे, आरसीसी फ्रेम (काँक्रीटचे कॉलम-बीम) आहे, जोत्याचं काम झालंय, संक्रांतीनंतर भिंती सुरू होतील. त्यांना बाहेरून प्लास्टर-रंग नकोय, चारी बाजूंनी उघडी लाल वीट हवी आहे. समोर तीन सॅम्पल पडलेत: गावच्या भट्टीची हाताने पाडलेली वीट, कर्नाटकातून येणारी मशीनची वायरकट वीट, आणि विटेसारखी दिसणारी पातळ टाइल. काँट्रॅक्टर म्हणतो भट्टीचीच वीट लावू आणि वरून क्लिअर कोट मारू, काही होत नाही. मिस्टरांनी साताऱ्यात एका मित्राचं घर पाहिलंय, त्याच्या उघड्या विटांवर पांढरा लोणा (क्षारांची भुकटी) फुटलाय आणि आतून ओल येते, त्यामुळे ते घाबरलेत. सासूबाई म्हणतात सरळ प्लास्टर करा. ताई विचारतात, "तिघांपैकी कोणती वीट घेऊ ते एकदा स्पष्ट सांगा."

ताई, नमस्कार. स्पष्टच सांगते, पण सुरुवात विटेपासून नाही, भिंतीपासून करते. कारण तुमच्या पत्रात विटेचा रंग आहे, भाव आहे, फोटो आहेत, पण घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि पाऊस कुठून झोडपतो याचा एक शब्द नाहीये. आणि मेढ्यात हीच गोष्ट सगळ्यात आधी बघायची असते. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस सरळ वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो, नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून. म्हणजे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत महिनोन्महिने ओली राहणार आणि पूर्वेच्या भिंतीला त्याच्या निम्मासुद्धा मार बसणार नाही. मग चारी भिंतींना एकच वीट, एकच जाडी, एकच पद्धत असं ठरवायचं कशाला?

तर माझं उत्तर असं. पूर्वेला आणि उत्तरेला, जिथे छज्जा किंवा व्हरांडा आहे, तिथे बिनधास्त उघडी वीट करा. पश्चिमेला आणि दक्षिणेला सासूबाईंचं ऐका, चांगलं दोन कोटांचं प्लास्टर आणि बाहेरचा रंग. तिथेही वीटच हवी असा हट्ट असेल तर साडेचार इंची भिंतीवर अजिबात नाही, एकतर नऊ इंची भिंत घाला किंवा दोन भिंती आणि मध्ये दोन इंच पोकळी अशी रचना आर्किटेक्टकडून नीट काढून घ्या, ज्यात बाहेरच्या विटेतून आत आलेलं पाणी पोकळीतून खाली उतरतं आणि तळाशी ठेवलेल्या भोकांतून बाहेर जातं. खर्च वाढतो, पण साडेचार इंची उघडी वीट त्या पावसात आत ओल आणणारच, वीट कितीही भारी घ्या. वीट थोडं पाणी पिते आणि विटेपेक्षा जास्त पाणी सांध्यातून शिरतं, विटेला आणि मसाल्याला जिथे केसाएवढी फट असते तिथून. तुमच्या मिस्टरांनी पाहिलेल्या घरात नक्की काय झालंय ते मी न बघता सांगू शकत नाही पण लोणा आणि आतली ओल दोन्ही एकत्र असेल तर बहुधा पाणी भिंतीतून आरपार येतंय.

आता तीन सॅम्पलकडे येऊ.

भट्टीची हाताची वीट वाईट नसते हो, उलट तिच्या रंगात जो जिवंतपणा असतो तो मशीनच्या विटेत येत नाही. प्रश्न एवढाच की एकाच भट्टीतल्या विटा सारख्या भाजलेल्या नसतात. आपल्याकडे बहुतेक भट्ट्या रचून पेटवलेल्या असतात, आगीजवळची वीट जास्त भाजून काळी-निळी आणि वाकडी होते, कडेची कमी भाजून पिवळट राहते, आणि मधली चांगली निघते. प्लास्टरच्या भिंतीत सगळं खपून जातं. उघड्या भिंतीला मधलीच लागते, निवडून. त्यामुळे भट्टीवाल्याशी बोलताना "एक नंबर द्या" एवढं म्हणून भागत नाही, "निवडून घेणार, हजारी भाव निवडक मालाचा सांगा" असं आधीच बोला. थोडा जास्त सांगेल, द्या. घासाघीस केली की निवडायचं काम तुमच्या गवंड्यावर येतं आणि गवंडी निवडत बसत नाही, हाताला येईल ती लावतो.

आणि माती विचारा. नदीकाठच्या गाळाची असेल तर बरी. काळ्या मातीची वीट वाळताना तडकते म्हणून तिच्यात राख मिसळतात, त्यात गैर काही नाही, पण काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात आणि उघड्या विटेचा खरा शत्रू तो खडा आहे. भट्टीत तो खडा भाजून कळीचा चुना होतो. वीट दिसायला सुरेख, वाजायला खणखणीत. मग पहिला पाऊस पडतो, आतला चुना पाणी पितो, फुगतो आणि विटेच्या तोंडावरचा रुपयाएवढा पोपडा उडवून देतो. जवळ जाऊन बघितलं तर खळग्याच्या तळाशी मूगडाळीएवढा पांढरा ठिपका दिसतो, बोट लावलं की भुकटी. अशी एक-दोन भोकं नाही पडत, पूर्ण भिंत देवी आल्यासारखी होते आणि त्यावर इलाज नाही, वीट काढून दुसरी बसवणं एवढाच.

म्हणून सॅम्पल दुकानदाराने दिलेलं घेऊ नका. भट्टीवर स्वतः जा, ढिगाच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून, आतून, दहा-बारा विटा उचलून आणा. दोन तिथेच फोडून बघा. आतला रंग सगळीकडे सारखा हवा, मधोमध काळा गाभा नको, पांढरे खडे नकोत. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खण्ण वाजलं पाहिजे, बद्द नाही. नखाने ओरखडा उठता कामा नये. कमरेएवढ्या उंचीवरून साध्या जमिनीवर सोडली तर तुटायला नको. आणि तिथेच वीस विटा एका ओळीत लांबीला लांबी लावून मापून बघा. सरकारी मानकात, म्हणजे आयएस 1077 मध्ये, 230 मिलिमीटरच्या वीस विटांची एकूण लांबी 4520 ते 4680 मिलिमीटरच्या आत असावी असं आहे. उघड्या कामाला मी म्हणेन याहूनही कमी फरक हवा, नाहीतर सांधे कुठे जाड कुठे बारीक होतात आणि दोरी लावूनसुद्धा थर हलल्यासारखे दिसतात.

घरी दोन टेस्ट जरूर करा, खर्च जवळजवळ काहीच नाही. पहिली पाण्याची. वीट उन्हात चांगली कोरडी करून किचनच्या किंवा किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, मग 24 तास पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, बाहेर काढून पुसून परत तोला. साधारण 3 किलोची वीट भिजल्यावर 3 किलो 600 ग्रॅमच्या वर गेली तर ती 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिते, म्हणजे साध्या विटेच्या मानकातही नापास. तुमच्या पावसाला मी 15 टक्के धरून चालेन, म्हणजे 3 किलो 450 ग्रॅमच्या आत. त्याच भिजवलेल्या विटा नंतर फेकू नका, सावलीत आठ-दहा दिवस ठेवून रोज नजर टाका, चुनखडी असेल तर बरेचदा तिथेच पोपडा उडतो.

दुसरी लोण्याची टेस्ट. पसरट ताटात इंचभर पाणी घ्या, त्यात वीट उभी ठेवा, पाणी वरपर्यंत शोषलं जाऊन ताट कोरडं पडू द्या, परत तेवढंच पाणी घाला आणि परत कोरडं होऊ द्या. पाणी मात्र बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटरच घ्या, गॅरेजवर मिळतं. बोअरचं पाणी घेतलं तर त्यातलेच क्षार विटेवर येतील आणि तुम्ही चांगल्या विटेला नावं ठेवाल. वाळल्यावर विटेच्या एक दशांशापर्यंतच पांढरं आलं तर ठीक, मानकाच्या भाषेत ते किंचित. अर्ध्यापर्यंत आलं तर मध्यम, साध्या विटेला तेवढं चालतं पण मी उघड्या भिंतीला लावणार नाही. अर्ध्याच्या वर गेलं तर तो ढीग सोडून द्या, भाव कितीही उतरवला तरी. ताकदीची टेस्ट घरी होत नाही, त्यासाठी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज किंवा पॉलिटेक्निकच्या सिव्हिल लॅबमध्ये चौकशी करा, तुम्हाला कराड जवळ आहे. आरसीसी फ्रेमच्या घराला विटेवर छताचं वजन नसतं, त्यामुळे ताकदीच्या आकड्याने फार घाबरून जाऊ नका, पाणी आणि क्षार हे दोन आकडे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचे.

वायरकट वीट म्हणजे मशीनमधून दाबून लांब पट्टी काढतात आणि तारेने कापतात, बरेचदा मध्ये भोकं असतात. कडा सरळ, माप सारखं, चांगल्या कंपनीची असेल तर पाणीही कमी पिते. मला विचाराल तर तुमची समोरची भिंत पूर्वेला किंवा उत्तरेला असेल तर तिच्यासाठी, बजेट बसत असेल तर, मी हीच सुचवेन. पण भाव विचारताना साइटपोच विचारा. हजार विटा म्हणजे जवळजवळ 3 टन वजन, आणि ते कर्नाटकातून मेढ्याच्या घाटरस्त्यापर्यंत आणायचं, त्यामुळे फॅक्टरीचा भाव आणि तुमच्या दारातला भाव यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फुटलेला माल कोणाच्या अंगावर, हेही आधीच लिहून घ्या. आणि वायरकटला उगाच खूप वेळ भिजवत ठेवायचं नसतं, ओलसर करायची एवढंच, नाहीतर मसाल्यावर तरंगते आणि ओळंबा हलतो. हाताची वीट मात्र नीट भिजवून लावायची, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो.

टाइलबद्दल थोडक्यात. पातळ टाइल हा खोटेपणा वगैरे मी मानत नाही, बाहेर दिसणारे कॉलम-बीम झाकायला ती लागतेच. पण पूर्ण घराला, दुमजली, आडव्या पावसात, मी नाही करणार. मागे पाणी शिरलं आणि ती पोकळ झाली की सुटते, आणि वरच्या मजल्यावरून सुटलेली टाइल खाली कोणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. जिथे लावाल तिथे टाइल अ‍ॅडहेसिव्हनेच, सिमेंटच्या घोळाने नाही, आणि लावल्यावर प्रत्येक टाइल टिचकी मारून बघायची, पोकळ वाजली की लगेच काढायची. घेताना एक मोडून बघा, भाजलेल्या मातीची असेल तर आतपर्यंत एकच रंग असतो, सिमेंटची रंगवलेली असेल तर उन्हाने रंग उडणार.

हिशोब असा करा. 230 बाय 70 मिलिमीटरचं तोंड आणि 10 मिलिमीटरचा सांधा धरला तर एका चौरस फुटाला बाहेरच्या थरात साधारण पावणेपाच ते पाच विटा लागतात. समजा पूर्व-उत्तर मिळून दारं-खिडक्या वजा जाता 800 चौरस फूट भरलं, तर 3,900 च्या आसपास, वर दहा टक्के धरून 4,300. आपल्याकडे भट्टीच्या विटेचं माप गावागावाला बदलतं, सहा इंचीही मिळते, त्यामुळे हजारी भावाची तुलना करू नका, चौरस फुटाला किती पडतं ते काढा. आतल्या बाजूला साधी वीट चालते, तिथे भारी वीट लपवण्यात अर्थ नाही.

ऑर्डर एकदाच, पूर्ण. दोन हजार आता आणि लागतील तशा नंतर, असं केलं की दुसऱ्या भट्टीचा रंग वेगळा येणारच, भिंतीवर आडवा पट्टा दिसतो आणि तो कायमचा राहतो. आणि वेळेचं बघा, भट्ट्या दिवाळीनंतर सुरू होतात आणि पावसाआधी बंद होतात, मे महिन्यात घाईघाईने काढलेला माल घेण्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये निवडून घेतलेला बरा. भट्टीवर जाल तेव्हा तिथल्या माणसांशीही दोन शब्द बोला, उचल घेऊन कातकरी कुटुंबं सहा-सात महिने तिथेच राहतात आणि वीट कशी भाजलीय हे मालकापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. शिवाय लहान मुलं विटा वाहताना दिसली तर तो माल घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ट्रॉली येईल तेव्हा कोणीतरी घरचं तिथे उभं पाहिजे. ड्रायव्हरला घाई असते, तो ट्रॉली पलटी मारून मोकळा होतो आणि निवडून आणलेल्या विटांचे कोपरे एका मिनिटात उडतात. हाताने उतरवून, मोजून, फळ्यांवर किंवा खडीवर रचा, मातीवर नको, आणि वर ताडपत्री. मातीवर ठेवलेली वीट खालचे क्षार ओढून घेते आणि मग लोणा आला की लोक भट्टीला दोष देतात.

आता जे कोणी सांगत नाही ते. उघड्या विटेचं निम्मं काम गवंड्याचं आहे. प्लास्टर करणारा चांगला गवंडी उघडं काम चांगलं करेलच असं नाही, त्याला आयुष्यभर सवय असते की वरून झाकलं जाणार. म्हणून भिंत सुरू करण्याआधी साइटवर चार फूट बाय चार फूट नमुना भिंत बांधून घ्या, त्याच विटेची, त्याच मसाल्याची, त्याच माणसाच्या हातची. सांधे 10 मिलिमीटरचे, सांधामोड बरोबर (खालच्या उभ्या सांध्यावर वरचा सांधा यायला नको), मसाला 1:6 म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, उगाच कडक नको कारण फार कडक मसाला आकसून विटेपासून सुटतो. ओला असतानाच सांधा अर्धा इंच खरवडून नंतर त्यात मसाल्याच्या दर्जा भरून (म्हणजे पॉइंटिंग करून) घ्यायच्या, दाबून, आत वाकवून, म्हणजे पाणी तिथे थांबत नाही. विटेवर सांडलेला मसाला ओल्या फडक्याने पुसू देऊ नका, सगळ्या तोंडावर सिमेंटचा राखाडी हात बसतो, तो किंचित सुकला की थापीच्या टोकाने उडवून कोरड्या ब्रशने झाडायचा. मग त्या नमुन्यावर अर्धा तास पाइपने पाणी मारा आणि मागे जाऊन बघा. आवडला तर त्याच दरात, त्याच दर्जाचं काम असं काँट्रॅक्टरशी कागदावर घ्या. नमुन्याचे पैसे वेगळे मागेल, आनंदाने द्या.

विटा भिजवायला आणि मसाल्याला पाणी पिण्याजोगं वापरा, खारट बोअर असेल तर टँकर परवडला. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, संध्याकाळी काम थांबलं की अर्धवट भिंतीच्या माथ्यावर प्लास्टिक टाकून विटा ठेवायच्या, नाहीतर वरून पाणी भिंतीत उतरतं आणि सगळे क्षार तोंडावर घेऊन येतं.

डिझाइनमध्ये अजून तीन गोष्टी बदलता येतील तर आर्किटेक्टना आजच फोन करा. जमिनीपासून दीड-दोन फूट काळा दगड घ्या, तुमच्याकडे तो मिळतो आणि पागोळ्यांचे शिंतोडे तिथेच उडतात. शनिवारवाड्याचा तटसुद्धा खाली दगड आणि वर वीट असाच आहे. दुसरं, वरच्या छज्ज्याला किमान दोन फूट बाहेर काढा आणि खालून खाच ठेवा म्हणजे पाणी मागे भिंतीकडे न येता तिथूनच गळून पडेल, खिडकीच्या सिललाही, म्हणजे खालच्या लादीलाही, तसंच. तिसरं, गच्चीचा कठडा उघड्या विटेचा नकोच, तो दोन्ही बाजूंनी आणि वरून भिजतो, लोणा सगळ्यात आधी तिथे दिसतो. करायचाच असेल तर माथ्यावर दोन्हीकडे बाहेर आलेली दगडी किंवा काँक्रीटची लादी लागेल.

काँट्रॅक्टरच्या क्लिअर कोटबद्दल. चकचकीत, वार्निशसारखा थर बसणारा कोट मारू देऊ नका. मागून आलेली ओल त्याला बाहेर पडू देत नाही, क्षार थराच्या मागे साठतात आणि विटेच्या तोंडासकट पापुद्रे निघतात. मारायचाच तर सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा, जो विटेत मुरतो, दिसत नाही आणि भिंतीला श्वास घेऊ देतो. तोही भिंत पूर्ण सुकल्यावर, आणि काही वर्षांनी परत मारावा लागतो हे बजेटमध्ये धरा. वाईट विटेला तो चांगली करत नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये लुई कान यांच्यासारख्या जगप्रसिद्ध आर्किटेक्टने उभारलेल्या विटांच्या इमारतींनासुद्धा पाझर आणि झिजणाऱ्या विटांचा त्रास झालाय, 2020 च्या शेवटी तिथली काही वसतिगृहं पाडायचा प्रस्ताव येईपर्यंत गोष्ट गेली होती. तेव्हा डबाभर कोटावर विसंबू नका.

पहिल्या वर्षी थोडं पांढरं आलं तर मिस्टरांना सांगा लगेच घाबरू नका. नव्या भिंतीतलं बांधकामाचं पाणी बाहेर येताना थोडे क्षार आणतंच. कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलं तर ते परत विरघळून आत जातं, आणि अ‍ॅसिडचा तर विचारही नको. पाणी शिरायची वाट बंद असेल तर एक-दोन उन्हाळ्यांत ते कमी होत जातं. दरवर्षी त्याच जागी, तेवढंच येत राहिलं तर मात्र वर बघा, छज्जा, पाइपचा सांधा, कठडा, कुठून तरी पाणी येतंय.

आणि काम संपल्यावर उरलेल्या शे-दीडशे विटा काँट्रॅक्टरला नेऊ देऊ नका. पाच वर्षांनी एसीचं भोक पाडाल, गीझरचा पाइप बदलाल, तेव्हा त्याच भट्टीतून तो रंग मिळणार नाही. जिन्याखाली कोरड्या जागी रचून ठेवा.